डॉक्टरची साठी : २५ नोव्हेंबरला मध्यरात्री कोण कोण जागं राहणार?

निळी_पेटी – १६ नोव्हेंबर २०२३, रात्री १०:१२

फराळ संपला, डब्याच्या तळाशी चकल्यांचा चुरा उरलाय, पाहुणे गेले, आता बोलू या. येत्या २३ तारखेला बीबीसीच्या 'डॉक्टर हू'ला, म्हणजे निळ्या पेटीतून काळात मागेपुढे फिरणाऱ्या आणि मरायच्या वेळी नवं शरीर घेणाऱ्या डॉक्टरच्या मालिकेला, साठ वर्षं पूर्ण होतायत. पहिला भाग लागला २३ नोव्हेंबर १९६३ला, शनिवारी संध्याकाळी सव्वापाचला, आणि तोही मिनिटभर उशिराच. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झालेली, सगळ्यांचं लक्ष तिकडे, म्हणून पुढच्या शनिवारी पहिला भाग परत दाखवला आणि मग दुसरा. म्हणजे बारशालाच अपशकुन, आणि पोरगं साठीला पोचलं.

आता साठीनिमित्त तीन स्पेशल येतायत. २५ नोव्हेंबर, २ डिसेंबर आणि ९ डिसेंबर, तिन्ही शनिवार. जुना डॉक्टर डेव्हिड टेनंट परत आलाय, त्याची सोबतीण कॅथरीन टेट परत आलीये, म्हणजे आपली डोना!! लेखक पण परत तोच, रसेल टी डेव्हिस. ब्रिटन-आयर्लंडच्या बाहेर सगळ्यांना डिस्नेवर, आणि सगळीकडे एकाच क्षणी. तिकडचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे आपल्याकडे बरोब्बर रात्रीचे बारा. घड्याळ बघून बसायला याहून सोयीची वेळ नाही.

घरात हे वेड फक्त मला. नवरा म्हणतो तो निळा फोनबूथवाला ना. सासूबाई मात्र सामील आहेत, त्यांना गोष्ट कळो न कळो. कोण कोण जागणार ते सांगा, आणि कुणाला काय वाटतंय तेही लिहा. स्पॉयलर नकोत प्लीज, ट्रेलरमध्ये दिसलंय तेवढंच.

सोनिक_पाना – १६ नोव्हेंबर, रात्री १०:४०

हजर! साठीशांत म्हणायची की षष्ट्यब्दिपूर्ती :) यजमान तर दोन हजार वर्षांचे आहेत.

खडूस_काका – १६ नोव्हेंबर, रात्री ११:२५

हलके घ्या, पण मी जरा विरजण घालतो. साठावं वर्ष म्हणजे पुढची साठ वर्षं कशी जाणार ते दाखवायची वेळ. न्चुती गात्वा हा नवा डॉक्टर ठरलेला आहे, दमदार नट आहे, त्याला पहिल्या दिवसापासून उभं करायचं सोडून पंधरा वर्षांपूर्वीचा हुकमी एक्का का काढला? आमच्या सांगलीला नाटकाचे प्रयोग लागायचे तेव्हा जाहिरातीत लिहायचे 'नव्या संचात'. त्यात एक धमक होती, की बाबांनो मूळ नट गेला, तरी नाटक उभं आहे, या. आणि बुकिंग पडलं की मग 'मूळ संचात, फक्त तीन प्रयोग'. हे तीन स्पेशल म्हणजे अगदी तेच आहे, मूळ संचात फक्त तीन प्रयोग. साठी बुद्धी नाठी.

या मालिकेचा शोधच मुळी 'नव्या संचात' हा आहे. १९६६ला विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देईना, तेव्हा मालिका बंद करायची सोडून त्यांनी नायकच बदलला. तोच माणूस, नवं शरीर, पॅट्रिक ट्राउटन. इतकी हिंमत दुसऱ्या कुणी केली नव्हती. त्या हिंमतीचा वाढदिवस मागे वळून साजरा करायचा?

निळी_पेटी – १६ नोव्हेंबर, रात्री ११:३८

काका, नाटकाचं उदाहरण इतकं चपखल आहे की राग पण येत नाहीये. पण वाढदिवसाला जुनी मंडळी बोलवायची ही या घरची रीतच आहे हो. दहाव्याला तीन डॉक्टर एकत्र आले, हार्टनेल इतके आजारी होते की खुर्चीत बसून, समोर धरलेल्या फलकावरचे संवाद वाचून त्यांनी काम केलं, आणि तेच त्यांचं शेवटचं काम. विसाव्याला पाच. त्यात टॉम बेकर आलाच नाही, नुकताच सोडून गेला होता ना. मग 'शाडा' नावाची गोष्ट जी १९७९ला संपामुळे अर्धवट राहिलेली त्यातले तुकडे लावून त्याला दाखवला, आणि ग्रुप फोटोसाठी चक्क मादाम तुसाँमधला त्याचा मेणाचा पुतळा आणून उभा केला!

सोनिक_पाना – १६ नोव्हेंबर, रात्री ११:५१

लग्नात रुसलेल्या काकांचा फोटो खुर्चीवर ठेवल्यासारखं :D

लोकरवाली – १७ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

मी पण जागणार. स्कार्फ विणतेय टॉम बेकरवाला. त्याची गंमत माहितीये का, कपडेपटवाल्या जेम्स अ‍ॅचिसनने विणणाऱ्या बाईंना भरपूर लोकर नेऊन दिली, कुठली वापरायची ते त्या ठरवतील म्हणून, आणि बाईंनी दिली तेवढी सगळी विणून टाकली, म्हणून तो स्कार्फ जमिनीवर लोळतो. बेगोनिया पोप नाव त्यांचं.

मी तुळशीबागेतून सात रंग आणले, विटकरी, मोहरी, बदामी, करडा, जांभळट, शेवाळी आणि एक खाकीसारखा जो दुकानात छान दिसत होता आणि उन्हात भलताच दिसतोय. सगळ्या ओळी सुलट विणायच्या, उलट टाका नाहीच, त्यामुळे डोकं लागत नाही, टीव्हीसमोर होतं. पण कडा सरळ राहत नाहीत हो, साठ टाके घालून सुरुवात केली आणि मध्येच मोजले तर त्रेसष्ट! कुठे वाढले कळेना, चार बोटं उसवलं. साडेनऊ फुटांवर मोहरी रंग संपला, परत गेले तर त्या लॉटचा नाही. आई म्हणते पुण्यात एवढी थंडी पडते का, आणि पडली तरी एवढा माणूस आहे का.

बारावा_गडी – १७ नोव्हेंबर, दुपारी १:३०

नवीन आहे, एकही भाग बघितलेला नाही. साठ वर्षांचं बघायला सुट्टी टाकावी लागेल. २५च्या आत काय बघू?

सोनिक_पाना – १७ नोव्हेंबर, दुपारी २:१०

सगळं बघू नका, वेड लागेल. तुम्हाला डोना कळली की पुरे. २००६चा ख्रिसमस स्पेशल 'द रनअवे ब्राइड', मग २००८चा चौथा सीझन. सीझनचा शेवट एकटे असताना बघा. वेळ उरलाच तर २००७चा 'ब्लिंक', त्यात डॉक्टर जेमतेम आहे पण घराबाहेरच्या पुतळ्यांकडे परत साध्या नजरेने बघणार नाही.

निळी_पेटी – १७ नोव्हेंबर, दुपारी ४:४५

मला डोनाबद्दलच लिहायचंय. माझा राग पंधरा वर्षांचा आहे.

बारावा_गडी, तुम्ही पुढचं वाचू नका. डोना ऑफिसात टेम्पररी टायपिंग करणारी बाई, आई सारखी टोमणे मारणारी, कुणी हिला कधी हुशार म्हटलेलं नाही. ती डॉक्टरबरोबर विश्व फिरली, शेवटी तिच्या डोक्यात डॉक्टरचं अख्खं ज्ञान गेलं आणि तिने सगळ्यांना वाचवलं. पण माणसाच्या मेंदूला ते झेपणार नाही, जळून जाईल, म्हणून डॉक्टरने तिची आठवण पुसून टाकली. सगळी. आणि ती नको म्हणत होती! रडत, हात जोडायची बाकी ठेवून नको म्हणत होती. ती घरी उठली ती परत तीच जुनी डोना, फोनवर मोठमोठ्याने गप्पा मारणारी, आणि डॉक्टर स्वयंपाकघरात उभा आहे तर त्याला ओळखत पण नाही. सोबतीण मेली तर मी रडून मोकळी झाले असते. हे नाही झालं पचनी.

नंतर तिच्या लग्नात तो लॉटरीचं तिकीट पाठवतो, तेही कसं, भूतकाळात जाऊन तिच्या वारलेल्या वडिलांकडून एक पौंड उसना घेऊन त्या पैशाने घेतलेलं. तो सीन टडोपा (टचकन डोळ्यांत पाणी) आहे मान्य, पण पैसे देऊन भरपाई होते का?

म्हणून काका, माझ्यासाठी हे 'मूळ संचात' नाहीये. हे राहिलेलं देणं आहे. तिला आठवलं तर ती मरणार असं यांनीच ठरवून ठेवलंय, आता सोडवून दाखवा.

खडूस_काका – १७ नोव्हेंबर, रात्री ८:२०

हे पटलं. टेनंटबद्दलचं मत मागे घेत नाही, डोनाबद्दल अनुमोदन.

कार्डिफची_कोकीळ – १८ नोव्हेंबर, पहाटे ४:५० (माझे रात्रीचे ११:२०)

नाइट शिफ्टच्या चहाच्या सुट्टीत लिहितेय. आज संध्याकाळी इकडे 'चिल्ड्रेन इन नीड' हा बीबीसीचा मदतनिधीचा कार्यक्रम झाला, त्यात पाच मिनिटांचा छोटासा भाग दाखवला, टेनंट थेट डाव्हरोसच्या, म्हणजे डालेक हे डॉक्टरचे यांत्रिक शत्रू बनवणाऱ्याच्या, प्रयोगशाळेत आदळतो आणि डालेकचा पंजा मोडतो, मग तो घाईत सिंक तुंबल्यावर वापरायचा रबरी पंप देऊन पळतो. म्हणजे साठ वर्षं जो विनोद सगळे करत होते की बाबा तुझ्या हातात हे काय आहे, त्याचं उत्तर मिळालं. यात डाव्हरोस चाकाच्या खुर्चीत नाही, धडधाकट आहे, कारण दुष्ट माणूस म्हणजे अपंग हे समीकरण डेव्हिसना नको होतं. त्यावरून इकडे कडाक्याची भांडणं चालू आहेत. मी वॉर्डात काम करते, मला त्यांचं म्हणणं लगेच कळलं.

बाकी कार्डिफमध्ये शूटिंग चालतं म्हणून लोकांना वाटतं मला रोज टेनंट दिसत असेल. सात वर्षांत एकदाच रस्ता अडवलेला दिसला, ट्रक उभे होते, मला बसचा मार्ग बदलल्यामुळे उशीर झाला, संपलं.

तंबोरा – १८ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

माझं प्रेम आवाजावरून सुरू झालं. ती निळी पेटी येते-जाते तेव्हा जो घरघर श्वास लागल्यासारखा आवाज येतो ना, तो ब्रायन हॉजसनने घराची किल्ली एका मोडक्या पियानोच्या खर्जाच्या तारांवर घासून काढला, मग टेप उलटी, हळू, प्रतिध्वनी वगैरे. आणि शीर्षकसंगीत, चाल रॉन ग्रेनरची, पण ते प्रत्यक्षात उभं केलं डेलिया डर्बीशायर नावाच्या बाईने, सिंथेसायझर बाजारात यायच्या आधी, एकेक स्वर टेपवर घेऊन, ब्लेडने कापून, चिकटपट्टीने जोडून. ग्रेनरला तिचं नाव आपल्याबरोबर लावायचं होतं, बीबीसीच्या नियमात बसेना. पडद्यावर नाव आलं २०१३ला, पन्नाशीच्या स्पेशलमध्ये. तोवर ती जाऊन बारा वर्षं झाली होती.

तर मी काय केलं, लॅचची किल्ली घेऊन घरच्या तंबोऱ्याच्या खर्जावर एकदा, फक्त एकदा, हळूच ओढली. आवाज आला!! अगदी तो नाही, पण पेटीचा लांबचा भाऊ शोभेल असा. पितळी तारेवर बोटभर ओरखडा उमटला, जवारी पण बिघडली असं गुरुजींचं म्हणणं, ते पुढे दोन आठवडे माझ्याशी फक्त सुरांपुरतं बोलले.

सोनिक_पाना – १८ नोव्हेंबर, दुपारी १:००

_/\_ दंडवत. तंबोऱ्याला पण आणि गुरुजींना पण.

खडूस_काका – १८ नोव्हेंबर, रात्री ९:४०

तंबोरा, छान लिहिलंत. श्रेय राहिलेल्यांचा विषय निघालाच आहे तर पहिल्या भागाचा दिग्दर्शक वारिस हुसेन, लखनौमध्ये जन्मलेला, लेखिका अतिया हुसेन यांचा मुलगा. वय चोवीस. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, बीबीसीच्या नाट्यविभागातली तेव्हाची सगळ्यात तरुण निर्माती आणि बाई. म्हणजे १९६३च्या त्या बिल्डिंगमध्ये एक बाई आणि एक हिंदुस्थानी पोरगा असे दोघे मिळून पोरांची मालिका करतायत. पायलट नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना आवडला नाही, परत करा म्हणाले, यांनी परत केला. पुढे २०१३ला या जन्मकथेवर टीव्हीपट आला त्यात वारिस झाला साशा धवन, आणि तोच साशा धवन २०२०ला मास्टर झाला, डॉक्टरचा हाडवैरी.

रच्याकने (बाय द वे), त्याच काळात आपले नारळीकर केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएलकडे होते, आणि हॉएलनी १९६१ला बीबीसीसाठी एक विज्ञानमालिका लिहिली होती, 'ए फॉर अँड्रोमेडा'. नारळीकरांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या त्याला घरचं वळण होतं असं मला उगाच वाटतं.

कार्डिफची_कोकीळ – १९ नोव्हेंबर, पहाटे ५:१५

काका, त्या पहिल्या गोष्टीचंच दुखणं सांगते. इकडे १ तारखेपासून बीबीसीच्या आयप्लेयरवर आठशेच्या वर जुने भाग टाकलेत, सगळं एका ठिकाणी. आणि पहिलीच गोष्ट नाही! लेखकाच्या वारसांशी हक्कांचं जमलं नाही. म्हणजे अल्बम काढलाय साठ वर्षांचा आणि बारशाचाच फोटो गायब.

आणि ९७ भाग तर कुठेच नाहीत. साठच्या दशकात टेप महाग, परत परत वापरायच्या, त्यामुळे पुसून टाकले. जे वाचले त्यातले बरेच परदेशात विकलेल्या फिल्म्समधून परत मिळाले, २०१३ला नायजेरियातून नऊ मिळाले. पण हरवलेल्या सगळ्या ९७ भागांचा नुसता आवाज मात्र आहे, कारण पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून रेकॉर्ड करायची. त्यावरून आता अ‍ॅनिमेशन करतात.

आमच्या वॉर्डात एक आजोबा होते, माझ्या बॅगेला डालेकची किचेन बघून बोलायला लागले. ते पण रेकॉर्ड करायचे. माइक हातात धरून बसायचं, घरात सगळ्यांना गप्प राहायची ताकीद, आणि नेमकं महत्त्वाच्या जागी आई ओरडायची, चहा गार होतोय. मी म्हटलं टेप कुठे आहे, बीबीसीला द्या की! तर हसले आणि म्हणाले नंतर त्याच टेपवर मी बीटल्स घेतले.

खडूस_काका – १९ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

माझ्या मुंजीच्या कॅसेटवर थोरल्या भावाने मॅचची कॉमेंट्री घेतली आहे. मातृभोजनाच्या मध्येच गावसकर आउट होतो. बीबीसीला मी माफ करतो.

लोकरवाली – २० नोव्हेंबर, सकाळी ८:१५

कालच्या मॅचनंतर काही बोलायची इच्छा नाही. अहमदाबादचं नाव काढू नका. फूटभर विणलं रागारागात, टाके इतके घट्ट आलेत की सुई आत जात नाही. आता खरंच काळात मागे जाणारी पेटी पाहिजे.

सोनिक_पाना – २० नोव्हेंबर, सकाळी ९:००

+१००. ठरलेला क्षण आहे, डॉक्टरला पण बदलता येत नाही :(

विषय बदलतो. कोकीळताई हरवलेल्या भागांचं बोलल्या म्हणून, तिसऱ्या स्पेशलचा खलनायक बघा, टॉयमेकर. नील पॅट्रिक हॅरिस करतोय. मूळ गोष्ट १९६६ची, चार भाग, त्यातला फक्त शेवटचा शिल्लक. म्हणजे डेव्हिसने साठीला बोलावलाय कोण, तर ज्याला आत्ताच्या प्रेक्षकांनी जवळपास बघितलेलंच नाही असा माणूस. आणि पहिला स्पेशल 'द स्टार बीस्ट' हा १९८०च्या कॉमिकवरून, तो गुबगुबीत मीप तिथला. काका, मला हे नुसतं जुन्या टाळ्या घेणं वाटत नाही. ज्या खोलीत कुणी जात नाही तिथल्या ट्रंका उघडतायत.

आणि टेनंट सासरच्यांमुळे पण घरचाच आहे, पाचव्या डॉक्टरचा, पीटर डेव्हिसनचा जावई!

खडूस_काका – २० नोव्हेंबर, दुपारी ३:५५

ट्रंका उघडतायत हे मान्य. पण मग ट्रंक उघडायला नवा मुलगा का नको, हा माझा प्रश्न तिथेच आहे.

खरं सांगायचं तर मी २०१३ला, पन्नाशीच्या स्पेशलच्या वेळी, असाच कुरकुरलो होतो. मुलाच्या लॅपटॉपवर बघायला बसलो, म्हटलं आता सगळे एकमेकांना मिठ्या मारणार. आणि शेवटी टॉम बेकर आला. एकोणऐंशी वर्षांचा, काठी टेकत, बत्तीस वर्षांनी. तो आवाज आधी येतो आणि तेव्हाचा डॉक्टर मॅट स्मिथ वळायच्या आधी आपण ओळखलेलं असतं. मी मुलाला म्हटलं डोळ्यात कचरा गेला. तो म्हणाला बाबा, पंखा बंद आहे.

तंबोरा – २० नोव्हेंबर, रात्री १०:१०

काका :)

आमच्या हॉस्टेलवर त्या रात्री फाइल ९३ टक्क्यांवर अडकली होती. पाच जण एका खाटेवर, पहाटे चारला वॉर्डन आले, त्यांना वाटलं अभ्यास चाललाय.

निळी_पेटी – २३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

हॅपी बर्थडे डॉक्टर! आणि योगायोग बघा, आज कार्तिकी एकादशी, यंदा अधिक महिना धरून पाच महिने झोपलेले देव आज उठतात. सासूबाईंना सांगितलं आज माझ्या हिरोचा साठावा वाढदिवस, तर त्यांनी साबुदाण्याची खिचडी त्याच्या नावाने केली. त्यांचा नेहमीचा प्रश्न आहे, हा माणूस दर थोड्या वर्षांनी तोंड बदलतो तर घरच्यांना कळतं कसं हाच तो. मी म्हटलं स्वभावावरून. त्या म्हणाल्या, मग बरं, आमच्याकडे तोंड तेच राहतं आणि स्वभाव बदलतो.

एक हुरहूर पण आहे. डोनाचे आजोबा विल्फ, बर्नार्ड क्रिबिन्स, गेल्या वर्षी जुलैमध्ये गेले, ९३ वर्षांचे होऊन. जायच्या आधी यासाठी शूटिंग करून गेलेत. १९६६च्या डालेकवाल्या सिनेमात ते तरुण पोलीस होते. तिला आठवू नये म्हणून इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं ते त्या म्हाताऱ्याने. ते दिसले की माझं काही खरं नाही.

कार्डिफची_कोकीळ – २४ नोव्हेंबर, रात्री १२:३०

शनिवारची शिफ्ट बदलून मिळाली!!! बदल्यात ख्रिसमसची घेतलीये. चालेल.

बारावा_गडी – २५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

चौथा सीझन संपवला. काल रात्री. तुम्ही लोकांनी नीट सावध करायला हवं होतं. ती नको म्हणत होती यार.

निळी_पेटी – २५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३१

या, बसा आमच्या शेजारी.

लोकरवाली – २५ नोव्हेंबर, रात्री ११:२०

स्कार्फ अकरा फुटांवर थांबवला. मोहरीच्या जागी हळदीचा रंग लावलाय, लांबून कळत नाही. गळ्यात दोन वेढे घालून बसलेय, उकडतंय, काढणार नाही.

खडूस_काका – २५ नोव्हेंबर, रात्री ११:३२

मुलगा बंगळुरूहून फोनवर आहे, दोघं एकदमच चालू करणार. मत कायम आहे.

निळी_पेटी – २५ नोव्हेंबर, रात्री ११:५४

वायफाय दोनदा बंद-चालू केलं. नवरा झोपलाय. सासूबाई शाल पांघरून खुर्चीत, चहा झालाय, मला म्हणाल्या ती पोरगी जगते की नाही तेवढं आत्ताच सांग म्हणजे मी सुखाने झोपते. मी म्हटलं आई मला पण माहीत नाही. तर म्हणाल्या मग सरक जरा, दिसत नाहीये.